सोन्याच्या खाणीत सापडलेला अदृश्य कण

‘के.जी.एफ.’ ही तीन अक्षरे उच्चारली की आज बहुतेकांना २०१८ साली आलेला कन्नड चित्रपट आठवतो. धूळ, घण, गुलामगिरी आणि सोने. कोलार गोल्ड फील्ड्स हे ठिकाण मात्र चित्रपटातील कथेपेक्षा अधिक विलक्षण आहे. कर्नाटकाच्या आग्नेय कोपऱ्यातील या खाणींतून सुमारे १२० वर्षांत अंदाजे ८०० टन सोने निघाले, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच खाणीच्या पोटात, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, १९६५ साली विश्वातील एका अत्यंत अलिप्त कणाची नोंद झाली आणि त्या नोंदीने भारतीय विज्ञानाला जगाच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवले, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक ओळ फिरते : ‘न्यूट्रिनोचा शोध भारतात लागला.’ ही ओळ चुकीची आहे. परंतु तिच्यामागे जे सत्य आहे, ते या अतिशयोक्तीहून अधिक अभिमानास्पद आहे आणि अधिक अस्वस्थ करणारेही. म्हणून ते नीट, क्रमाने पाहणे इष्ट ठरेल.

आरंभ सोन्यापासूनच करावा लागतो. लेफ्टनंट जॉन वॉरन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ साली या परिसरात सोने असल्याची नोंद केली. स्थानिक लोक कितीतरी आधीपासून तेथील माती धुऊन सोन्याचे कण वेचत होतेच. मायकेल लॅव्हेल या आयरिश निवृत्त सैनिकाने १८७०च्या दशकात म्हैसूर संस्थानाकडून खाणकामाचा परवाना मिळवला. १८८०मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्लिश कंपनी आली आणि खऱ्या अर्थाने खोदकाम सुरू झाले. सोन्याची शीर खाली खाली जात होती. तिच्यामागे माणसेही खाली खाली जात राहिली. पुढे चॅम्पियन रीफ ही खाण ३ किलोमीटरहून अधिक खोल गेली आणि जगातील सर्वाधिक खोल खाणींमध्ये तिची गणना होऊ लागली.

इतक्या खोलवर पाणी उपसणे, हवा पोहोचवणे, दगड वर ओढणे ही कामे लाकूड आणि कोळसा जाळून परवडणारी नव्हती. त्यातून एक वेगळाच इतिहास घडला. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्राची योजना आखली गेली आणि १९०२ साली तेथील वीज सुमारे १४८ किलोमीटर लांबीच्या तारांवरून कोलारच्या खाणींत पोहोचली. त्या काळी इतक्या दूर वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या जगात अगदी मोजक्या होत्या. बंगळूर शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५मध्ये. म्हणजे राजधानीच्या शहराआधी वीज जमिनीखालच्या बोगद्यांना मिळाली. सोन्याचा मान प्रजेच्या मानाहून मोठा ठरला, असेही म्हणता येईल.

त्या बोगद्यांत उतरणारी माणसे मुख्यतः तमिळ आणि तेलुगू प्रदेशांतून आलेली होती. त्यांपैकी बहुसंख्य दलित समाजातील होती. गावाकडील जातीच्या जाचातून आणि दुष्काळातून सुटका म्हणून त्यांनी खाण पत्करली. खाली उष्मा इतका, की सर्वांत खोल पातळ्यांवर खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाई. खडकावर साठलेला ताण एकाएकी मोकळा होऊन भिंती स्फोटासारख्या फुटत. त्या दुर्घटनांत माणसे गाडली जात. जे त्यातून वाचत, त्यांच्या फुप्फुसांत दगडाची बारीक धूळ साठून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडे. ही किंमत ध्यानात ठेवूनच पुढची कथा वाचली पाहिजे. पुढे जे शास्त्रज्ञ या खाणीत उतरले, ते याच माणसांनी खोदलेल्या वाटेने उतरले.

आता वर आकाशाकडे पाहू. अवकाशातून पृथ्वीवर अखंड विश्वकिरणांचा वर्षाव होत असतो. त्यांत मुख्यतः वेगवान प्रोटॉन असतात. ते वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात, तेथे पायॉन नावाचे अल्पायुषी कण निर्माण होतात आणि त्यांच्या ऱ्हासातून दोन प्रकारचे कण खाली येतात : म्यूऑन आणि न्यूट्रिनो. म्यूऑन विद्युतभारित असतो; तळहात पसरून धरला तर दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून आरपार जातो. न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, वस्तुमान नगण्य आहे आणि पदार्थाशी त्याचा संबंध जवळजवळ नसतोच. एका चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले सहा हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो निघून जातात आणि कोणालाही त्याची जाणीव होत नाही. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो तर त्यांच्या तुलनेत अत्यल्प.

या कणाची कल्पना वोल्फगांग पाउली यांनी १९३० साली मांडली. तो प्रत्यक्ष पकडला गेला १९५६मध्ये, अमेरिकेत, फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवान यांच्या हातून. त्यासाठी त्यांनी अणुभट्टीतून बाहेर पडणाऱ्या कणांचा उपयोग केला. तेव्हा न्यूट्रिनोचा शोध भारतात लागला, हे विधान येथेच बाद होते. परंतु अणुभट्टी मानवनिर्मित आहे. निसर्गाने स्वतः घडवलेला न्यूट्रिनो तोवर कोणीही पाहिलेला नव्हता. प्रश्न उरला होता तो हाच.

कोलारचा या प्रश्नाशी संबंध जुळला तो मात्र न्यूट्रिनोच्या शोधार्थ नव्हे. १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक होमी भाभा हे स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक. म्यूऑन जमिनीत किती खोलवर शिरू शकतात, हे मोजायचे तर खोल खाण हवी. आणि जगातील सर्वांत खोल खाणींपैकी एक भारतातच होती. १९५०च्या दशकाच्या आरंभी भाभांच्या प्रेरणेने बी. व्ही. श्रीकांतन हे तरुण संशोधक आपली गणकयंत्रे घेऊन कोलारच्या खाणीत उतरले. पुढे मुंबईहून सहकारी येत राहिले, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठाचे एस. मियाके आले आणि मोजमापे एकेका पातळीने खाली सरकत गेली.

जसजसे खाली जावे तसतसे म्यूऑन विरळ होत गेले. खडक त्यांना अडवत होता. कोलारचा खडक सामान्य खडकाहून जड आहे. त्याची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट. त्यामुळे येथील २.३ किलोमीटर खोली म्हणजे साधारण ७ किलोमीटर पाण्याखाली असल्यासारखे. तेथे पोहोचेपर्यंत म्यूऑनांची संख्या काही कोटी पटींनी घटलेली असते. १९६०च्या दशकाच्या आरंभी मियाके, नरसिंहम आणि रमण मूर्ती यांनी याहूनही खोल पातळीवर यंत्रे ठेवली. सुमारे दोन महिने ती चालू होती. त्या अवधीत एकाही म्यूऑनाची नोंद झाली नाही.

इतर कोणत्याही प्रयोगात हे अपयश ठरले असते. येथे मात्र ते शून्यच मोलाचे होते. न्यूट्रिनो पकडण्यातील खरी अडचण हीच, की त्याची अत्यंत क्षीण खूण इतर कणांच्या गोंगाटात हरवून जाते. जेथे दोन महिन्यांत एकही कण येत नाही, तेथे गोंगाटच नाही. अशा शांततेत एखादा न्यूट्रिनो खडकातील एखाद्या अणुकेंद्रावर आदळला आणि त्यातून म्यूऑन बाहेर पडला, तर तो सहज ओळखू येईल. सोव्हिएत संघ आणि अमेरिकेतील काही सिद्धांतकारांनी १९६०च्या सुमारास हे तत्त्व मांडले होतेच. कोलारच्या खाणीने ते प्रत्यक्षात आणण्याजोगी जागा दाखवून दिली. मेनन, रमण मूर्ती, श्रीकांतन आणि मियाके यांनी १९६३मध्ये अशा प्रयोगाची रूपरेषा प्रसिद्ध केली.

आता तीन देशांचा गट एकत्र आला : मुंबईची टाटा संस्था, ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ. भारतीय गटाचे नेतृत्व एम. जी. के. मेनन आणि श्रीकांतन यांच्याकडे, जपानी गटाचे मियाके यांच्याकडे आणि ब्रिटिश गटाचे ए. डब्ल्यू. वुल्फेंडेल यांच्याकडे होते. अवघ्या वीस वर्षांपूर्वी जपान आणि ब्रिटन महायुद्धात परस्परांविरुद्ध लढले होते आणि भारत ब्रिटनच्या ताब्यात होता. त्या तिघांनी एका भारतीय खाणीत, समान भागीदार म्हणून, एकत्र काम केले.

उपकरणाची रचना साधी, पण चतुर होती. इतक्या खोलवर जे थोडे म्यूऑन वरून पोहोचतात, ते जवळजवळ सरळ उभ्या दिशेने येतात; तिरपे येणाऱ्यांना कितीतरी अधिक खडक ओलांडावा लागतो. न्यूट्रिनोला मात्र खडकाची पर्वा नाही. तो बाजूने येतो, खालून येतो, पृथ्वीच्या पलीकडच्या आकाशातूनही येतो. म्हणून शास्त्रज्ञांनी दर्शक आडवा न ठेवता उभा केला. कण आरपार जाताच प्रकाशाची क्षणिक चमक देणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन भिंती समोरासमोर उभारल्या. मधोमध शिशाचे थर आणि निऑन भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या रांगा लावल्या. दोन्ही भिंती एकाच वेळी चमकल्या की नळ्यांना विजेचा झटका मिळे. ज्या नळ्यांतून कण गेला तेवढ्याच उजळत आणि कॅमेरा त्यांचे छायाचित्र टिपे. उजळलेल्या नळ्या जोडल्या की कणाचा मार्ग रेषेसारखा दिसे. ती रेषा आडवी असेल, तर तो म्यूऑन आकाशातून सरळ खाली आलेला असणे शक्य नव्हते. तो न्यूट्रिनोनेच जवळच्या खडकात निर्माण केलेला असणार.

१९६५च्या पूर्वार्धात अशा रेषा उमटल्या. संख्येने अगदी थोड्या; पहिल्या शोधनिबंधाचा भार अवघ्या तीन घटनांवर होता. हा निबंध ‘फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकाला १२ जुलै १९६५ रोजी मिळाला आणि १५ ऑगस्ट १९६५च्या अंकात छापून आला. लेखकांची अकरा नावे. त्यांतील पहिले सी. व्ही. आचार यांचे.

येथे कथेत एक प्रतिस्पर्धी येतो. अणुभट्टीतील न्यूट्रिनो पकडणारे फ्रेडरिक राइन्स हेच. त्यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड या सोन्याच्याच खाणीत, ३ किलोमीटरहून अधिक खोलीवर स्वतंत्रपणे असाच प्रयोग मांडला होता. त्यांचा निबंध नियतकालिकाकडे २६ जुलैला पोहोचला आणि ३० ऑगस्टला प्रसिद्ध झाला. म्हणजे कोलारचा निबंध दोन आठवडे आधी पोहोचला आणि दोन आठवडे आधी छापला गेला. मात्र राइन्स यांच्या उपकरणात पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ रोजी, कोलारच्या घटनांच्या आधी, नोंदली गेली होती. आधी पाहिले त्यांनी, आधी छापले कोलारच्या गटाने. विज्ञानात दोन्ही तारखांना मान असतो. म्हणून अचूक विधान असे : वातावरणात जन्मणाऱ्या, म्हणजे निसर्गनिर्मित, न्यूट्रिनोची पहिली प्रसिद्ध नोंद कोलारच्या खाणीतील होती आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतही तो स्वतंत्रपणे दिसला. एवढे सांगितले तरी पुरेसे आहे. त्यात अतिशयोक्तीची भर घालण्याची गरज नाही.

हा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, भाभांचे विमान अपघातात निधन झाले. त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी पेरलेले बी उगवलेले त्यांना पाहता आले.

कोलारचे काम तेथे थांबले नाही. १९७०च्या दशकात सिद्धांतकारांनी एक धक्कादायक शक्यता मांडली : आपण ज्याला अविनाशी मानतो तो प्रोटॉनही कधीतरी नष्ट होत असावा. भाकीत केलेले त्याचे आयुष्य विश्वाच्या वयाहून अब्जावधी पटींनी अधिक होते. परंतु पुरेसे प्रोटॉन एकत्र ठेवून वाट पाहिली तर त्यांपैकी एखादा मोडताना दिसेल, अशी आशा होती. १९८०मध्ये कोलारला २.३ किलोमीटर खोलीवर १४० टनांचे लोखंडी उपकरण कार्यान्वित झाले. खास याच हेतूने उभारलेल्या जगातील अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक. तेथे काही संशयास्पद घटना दिसल्या आणि जगभर खळबळ उडाली. परंतु अधिक मोठ्या उपकरणांना तसे काही आढळले नाही. प्रोटॉन आजवर कोणीही मोडताना पाहिलेला नाही.

जपानने याच प्रश्नासाठी कामिओका येथील खाणीत हजारो टन पाण्याची टाकी उभारली. तिला प्रोटॉनचा ऱ्हास दिसला नाही, पण १९८७ साली एका स्फोट पावलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो तिने टिपले. तिच्या नंतरच्या, ५०,००० टन पाण्याच्या टाकीने १९९८मध्ये वातावरणीय न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे, हे दाखवून दिले. त्यासाठी ताकाआकी काजिता यांना २०१५चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ज्या कणांच्या अभ्यासावर हा सन्मान लाभला, त्यांची पहिली प्रसिद्ध नोंद ३३ वर्षांपूर्वी कोलारच्या तीन छायाचित्रांत होती.

मग कोलार या शर्यतीत का उरले नाही? एक कारण आकाराचे. जपानने टन वाढवत नेले, आपण तेवढे वाढवू शकलो नाही. दुसरे कारण सोन्याचे. जसजसे खाली जावे तसतसे एका टन दगडातून निघणारे सोने कमी होत गेले आणि ते वर आणण्याचा खर्च वाढत गेला. खोल पातळ्या एकेक करून बंद होऊ लागल्या. प्रयोगशाळा खाणीची पाहुणी होती. यजमानाचेच घर मोडले, तेव्हा पाहुणीलाही निघावे लागले. १९९०च्या दशकाच्या आरंभी तेथील भौतिकीचे प्रयोग थांबले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी सरकारी मालकीच्या भारत गोल्ड माइन्स कंपनीने खाणीच बंद केल्या. हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे. पाणी उपसणारे पंप थांबले आणि शंभर वर्षांत खोदलेले बोगदे हळूहळू पाण्याने भरत गेले.

याच्याशेजारी दुसरी एक खाण ठेवून पाहावी. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती. तेथे रेमंड डेव्हिस यांनी सूर्याचे न्यूट्रिनो मोजले आणि २००२चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. कोलारनंतर अवघ्या वर्षभरात, २००२मध्ये, ती खाणही बंद झाली. २००३मध्ये तिचेही पंप थांबले, तिच्यातही पाणी चढले. फरक पुढे पडला. राज्याने खाण ताब्यात घेतली, खाजगी देणगी मिळाली, पाणी पुन्हा उपसले गेले आणि सुमारे दीड किलोमीटर खोलीवर कृष्णद्रव्याचा शोध घेणारी प्रयोगशाळा उभी राहिली. आज तेथेच न्यूट्रिनोच्या एका प्रचंड प्रयोगासाठी दालने खोदून तयार आहेत. दोन्ही खाणी सोन्यासाठी खोदलेल्या, दोन्ही इतिहास घडवणाऱ्या, दोन्ही एकाच सुमारास बुडालेल्या. एक पुन्हा वर आली, दुसरी पाण्याखालीच राहिली.

भारतानेही प्रयत्न सोडला असे नाही. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात बोडी पश्चिम टेकड्यांखाली ५०,००० टन चुंबकित लोखंडाचे उपकरण उभारण्याची योजना आखली गेली आणि जानेवारी २०१५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. स्थानिकांचा विरोध, पश्चिम घाटाच्या पर्यावरणाची चिंता, न्यायालयीन वाद आणि राज्य शासनाची असहमती यांत तो अडकला. न्यूट्रिनोमुळे कोणाला अपाय होईल ही भीती निराधार होती. पण डोंगर फोडण्याविषयीचे आणि पाण्याविषयीचे प्रश्न निराधार म्हणून झटकून टाकण्याजोगे नव्हते. शास्त्रज्ञांनी लोकांशी बोलण्यास उशीर केला, हेही मान्य करावे लागते. दरम्यान चीनने आपली २०,००० टन द्रव असलेली भूमिगत वेधशाळा पूर्ण केली आणि ऑगस्ट २०२५मध्ये तिने मोजणी सुरू केली. आपल्याकडे झारखंडमधील जादुगुडा येथील युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७पासून एक लहान प्रयोगशाळा आहे. ती महत्त्वाची आहे; पण जो देश ६० वर्षांपूर्वी २.३ किलोमीटर खाली काम करत होता, त्याच्या दृष्टीने ही खोली पाव भागाइतकीही नाही.

कोलारमध्ये आज सोने वेगळे काढल्यावर उरलेल्या मातीचे मोठमोठे ढिगारे उभे आहेत. त्यांना तेथे ‘सायनाइडच्या टेकड्या’ म्हणतात, कारण दगडातून सोने विरघळवण्यासाठी सायनाइड वापरले जाई. वारा सुटला की ती माती वस्त्यांवर पसरते. त्या वस्त्यांत खाणकामगारांची पुढची पिढी राहते आणि तिच्यातील असंख्य माणसे रोज पहाटेच्या गाडीने कामासाठी बंगळूरला जातात. त्यांच्या वाडवडिलांनी दिलेल्या श्रमांतून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक होते सोने. ते त्यांच्या हाती उरले नाही. दुसरे होते ज्ञान. त्यातील आपला वाटा त्यांना कोणी सांगितलाही नाही. शोधनिबंधावर अकरा नावे आहेत, पण तो बोगदा खोदणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे नोंदलेले नाही.

‘न्यूट्रिनोचा शोध भारतात लागला’ ही ओळ पुढच्या वेळी समोर आली, तर ती दुरुस्त करावी आणि सोबत हेही सांगावे : निसर्गातील न्यूट्रिनोची पहिली प्रसिद्ध नोंद जेथे झाली, ती जागा आपल्याकडे होती. ती कोणा शत्रूने हिरावून नेली नाही, भूकंपात गेली नाही. पंप चालू ठेवण्याइतके तिचे मोल कोणाला वाटले नाही, एवढेच. आजही दर सेकंदाला असंख्य न्यूट्रिनो त्या पाण्याने भरलेल्या बोगद्यांतून आरपार जात आहेत. त्यांना पाहण्यासाठी तेथे आता कोणी नाही.